भास होतो, पण कुणाला?

२०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरी गावात जमिनीखालून आवाज येऊ लागले. भूकंपमापकावर सौम्य धक्के नोंदले गेले. पुढच्याच फेब्रुवारीत लातूर शहरात, विवेकानंद चौकाच्या परिसरात, भरदिवसा तसाच गूढ आवाज लोकांनी ऐकला. लातूर, औराद शहाजानी आणि आशीव इथल्या केंद्रांवरच्या नोंदी तपासल्या गेल्या. भूकंपाची नोंद कुठेच नव्हती. ज्या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट पाहिली, तिथे असा आवाज आला की माणूस आधी लेकराला उचलून दाराबाहेर येतो, यंत्राचं मागाहून विचारतो.

जमीन हलली की नाही याचा निवाडा यंत्र करतं आणि तो मान्य करावा लागतो. माणसाला धक्का जाणवला, यंत्राला जाणवला नाही, तर तो माणसाचा भास. इथवर कुणाचीच तक्रार नाही. आता त्याच माणसाला सांगून पाहा की, बाबा, तुला भीती वाटलीच नाही, भीती वाटल्याचा फक्त भास झाला. तो तुमच्याकडे नीट बघेल आणि आपल्या कामाला लागेल. भीतीचा भास होणं आणि भीती वाटणं यांत फरक करायचा कसा? जमिनीच्या बाबतीत भास आणि वस्तुस्थिती वेगळ्या काढता येतात. जाणिवेच्या बाबतीत त्या काढता येतात का, या एका प्रश्नावर जगभरचे तत्त्वज्ञ आणि मेंदूचे अभ्यासक गेली तीस-चाळीस वर्षं हमरीतुमरीवर आले आहेत.

भांडण कुणाचं ते आधी थोडक्यात. अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी १९९१ साली ‘कॉन्शसनेस एक्सप्लेन्ड’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं. मेंदूत कुठेतरी एक रंगमंच आहे, त्यावर अनुभव येतात आणि समोर बसून ‘मी’ ते पाहतो, ही आपल्या मनातली कल्पना त्यांनी मोडीत काढली. असा रंगमंच नाही आणि प्रेक्षकही नाही. मेंदूत एकाच वेळी अनेक प्रक्रिया चाललेल्या असतात आणि त्यांचा मेळ बसल्यावर आपण म्हणतो, ‘मला जाणवलं’. १९९४ साली ॲरिझोनातल्या टूसान इथे डेव्हिड चाल्मर्स नावाचा तरुण व्यासपीठावर उभा राहिला आणि त्याने प्रश्नाचे दोन भाग केले. मेंदू माहिती कशी गोळा करतो, लक्ष कसं देतो, उत्तर कसं देतो, हे सोपे प्रश्न. म्हणजे अवघडच, पण आज ना उद्या सुटणारे. हे सगळं चालू असताना ते आतून जाणवतं का, मिरची तिखट का लागते, निव्वळ मज्जातंतूंचा संदेश म्हणून का राहत नाही, हा खरा कठीण प्रश्न. २०१६ साली कीथ फ्रँकिश यांनी त्यावर उलटा डाव टाकला. कठीण प्रश्न सुटत नाही, कारण तो ज्या गोष्टीविषयी आहे ती गोष्टच नाही. आतल्या अनुभवाला काही खास, वर्णनापलीकडची चव असते, असं मेंदू स्वतःला सांगतो. ते सांगणं खरं, चव खोटी. या मताला भ्रमवाद म्हणू. गेलन स्ट्रॉसन यांच्यासारख्यांना हे मत इतकं वेडगळ वाटतं, की माणसाने आजवर केलेल्या विधानांत ते सर्वांत मूर्खपणाचं ठरेल असं त्यांनी लिहून टाकलं.

आपल्याकडे हा वाद कानावर आला की बहुतेकांची प्रतिक्रिया एकच असते: ‘त्यात नवीन काय? आपले ऋषी हेच सांगून गेले, सगळी माया आहे.’ कीर्तनात, प्रवचनात, व्हॉट्सॲपवर हे वाक्य इतक्यांदा येतं की ते तपासायचं कुणाला सुचत नाही. ते तपासायला नांदेड-लातूरइतकी सोयीची जागा नाही. मराठीतली या प्रश्नावरची सर्वांत जुनी आणि सर्वांत कसदार चर्चा याच टापूत, गोदावरी आणि मांजरेच्या मधल्या भूमीत झाली आहे.

लातूरहून आंबेजोगाई काही फार लांब नाही. जिल्हा बीड असला तरी येणं-जाणं लातूरचंच. तिथे मुकुंदराजांची समाधी दाखवतात. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०, म्हणजे ११८८ सालचा मानतात आणि मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात. काळावर वाद आहे, स्थळावरही आहे. विदर्भातली मंडळी आंभोऱ्याचा दावा सोडत नाहीत. त्या भांडणात मी पडत नाही. इथे महत्त्वाचं हे, की ज्याला आद्य म्हणतात तो मराठी ग्रंथ राजाची स्तुती करणारा नाही की युद्धाची कथा सांगणारा नाही. देह म्हणजे मी का, मन म्हणजे मी का, मग मी कोण, हा त्याचा विषय. मुकुंदराज शांकर वेदान्ताच्या वाटेने जातात. देह, प्राण, मन, बुद्धी असं एकेक बाजूला सारत ते उरणाऱ्या साक्षीपाशी येतात.

त्याच गावात सोळाव्या-सतराव्या शतकात दासोपंत होऊन गेले. त्यांचं लेखन इतकं अफाट, की कागद पुरला नाही म्हणून कापडावर लिहिलं अशी कथाच रूढ झाली. कथा राहू द्या. कापड खरं आहे. दासोपंतांची पासोडी चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद. विषय पंचीकरण. पाच महाभूतं एकमेकांत मिसळून शरीर आणि मन कसं घडतं, त्याचा हिशोब. आज वाचणाऱ्याला हे प्रकरण रुक्ष वाटतं आणि ते रुक्ष आहेच. पण एक जागा थांबून पाहण्यासारखी आहे. मराठी पंचीकरणात आकाशाच्या वाट्याला पाच गोष्टी येतात: अंतःकरण, मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार. म्हणजे ‘मी’पण हे हाडामांसाच्या, भूक-तहानेच्या रांगेतच बसवलेलं आहे. ते भूतांपासून झालेलं, म्हणून जड आहे. यादीतलं एक कलम आहे. ज्याच्या नावाने आपण सातबारा करतो, भांडतो, रुसतो, तो ‘मी’ घडवलेला आहे, हे दासोपंतांना मान्य आहे. डेनेट यांनाही तेवढंच म्हणायचं होतं. इथवर दोघे एका पंगतीला बसतील.

पुढे मात्र पंगत मोडते. वेदान्त ‘मी’ला भ्रम म्हणतो, जगालाही म्हणतो, भानाला कधीच म्हणत नाही. उलट भान हेच एक खरं, बाकी सारं त्याच्यावर भासतं, हा त्याचा मूळ सिद्धान्त. भ्रमवादाचं नेमकं याच्या विरुद्ध. जग खरं, मेंदू खरा, त्यातल्या विजेच्या हालचाली खऱ्या. भान तेवढं भासमान. ‘आपले ऋषी हेच सांगून गेले’ म्हणणाऱ्याने दोन उलट्या बाजूंच्या मतांना एकच मत समजून घरी नेलं आहे.

आता ज्ञानेश्वरांकडे. आपेगावच्या या पोराने ‘ज्ञानेश्वरी’ १२९० साली पूर्ण केली हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. ‘अनुभवामृत’, ज्याला आपण ‘अमृतानुभव’ म्हणतो, ते मात्र पारायणाच्या वाटेला येत नाही, म्हणून कपाटातच राहतं. दहा प्रकरणांच्या या ग्रंथात सर्वांत लांब प्रकरण सातवं, अज्ञानखंडनाचं. ज्ञानेश्वर तिथे चक्क आपल्याच पक्षातल्या लोकांशी भांडतात. जग अविद्येमुळे भासतं असं तुम्ही म्हणता ना, मग ती अविद्या दाखवा. ती ज्ञानाच्या ठिकाणी राहते आणि ज्ञानाला झाकत नाही, तर तिला अविद्या कशाला म्हणायचं? आणि तिने ज्ञान पुरतं गिळलं असेल, तर ‘इथे अविद्या आहे’ हे सांगायला उरलं कोण? जी गोष्ट आहे म्हणून कळण्यासाठी आधी जाणीव लागते, तिच्या जोरावर जाणीवच नाही असं ठरवता येत नाही.

हा युक्तिवाद आजच्या वादात जसाच्या तसा बसतो. भ्रमवादी म्हणतो, अनुभव हा भास आहे. ज्ञानेश्वरांच्या बाजूने विचारायचं: भास हा अनुभव नाही का? दोराचा साप दिसला तेव्हा साप नव्हता, दिसणं होतं. दिसणंच नव्हतं म्हणाल, तर ‘भास’ हा शब्द तुम्ही कुठून आणलात? जॉन सर्ल यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस डेनेट यांना दिलेलं उत्तर याच धाटणीचं होतं: इतर सगळ्या ठिकाणी दिसणं आणि असणं वेगळं, जाणिवेच्या ठिकाणी दिसणं हेच असणं.

फ्रँकिश यावर गप्प बसत नाहीत, आणि त्यांचं उत्तर आपल्याकडे कुणी नीट मांडत नाही म्हणून मांडतो. ते म्हणतात, भास होण्यासाठी आतून काही ‘दिसावं’ लागत नाही. यंत्राने चुकीचा निष्कर्ष काढला की पुरे. मेंदूची रचनाच अशी असेल, की तो स्वतःच्या कामकाजाचं चुकीचं टिपण काढतो आणि त्या टिपणात ‘इथे एक अवर्णनीय अनुभव आहे’ असं लिहितो, तर आपण सगळे तेच बोलत राहू, तेच शपथेवर सांगू, आणि तरीही ते खोटं असेल. हे उत्तर तर्काच्या दृष्टीने सुसंगत आहे. चाल्मर्स यांनाही ते इतकं गंभीर वाटलं, की ‘कठीण प्रश्न आहे असं आपल्याला वाटतं तरी का’ हा वेगळाच प्रश्न त्यांनी २०१८ साली मांडला. पण एवढं करून भ्रमवाद्याने काय साधलं? दाढ ठणकत असलेल्या माणसाला त्याने सांगितलं, की तुझा मेंदू ‘ठणका आहे’ असं टिपण काढतो आहे. टिपण असेलही. ठणका गेला का?

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. सातव्या प्रकरणाने भ्रमवादाचा पाया काढून घेतला आहे, हे मला पटतं. पण ज्ञानेश्वर तिथे थांबत नाहीत. अविद्या नाही, मग जग म्हणजे चैतन्याचाच विलास, असं ते पुढे जातात. या चिद्विलासाचं नातं शांकर मताशी की काश्मीरच्या शैवांशी, यावर शं. दा. पेंडसे, भा. पं. बहिरट यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुष्कळ खल केला आहे. जाणीव नाकारता येत नाही, इतकं सिद्ध झालं म्हणून दगड-मातीही जाणिवेचाच खेळ, हे सिद्ध होत नाही. मधली उडी तर्काची नाही, अनुभवाची आहे. ज्याला तो अनुभव आहे त्याने ती घ्यावी. बाकीच्यांनी घेतल्याचा आव आणू नये. जाता जाता एक नोंद: ‘अमृतानुभवा’वर ‘नित्यानंदैक्यदीपिका’ ही जुनी टीका लिहिणारे शिवकल्याण हेही आंबेजोगाईचेच. आणि हा वाद मराठी मुलखात विसाव्या शतकातही जिवंत होता. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातून, ज्याची स्थापना प्रताप शेठजींनी १९१६ साली केली, १९३३ मध्ये ‘अज्ञान’ याच नावाचं पुस्तक निघालं. घनश्यामदास मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी एकाच प्रश्नावर तीन निबंध लिहून एकमेकांना खोडलं. आज अमळनेर म्हटलं की लोकांना साने गुरुजी आणि साबण-तेलाचे कारखाने आठवतात.

वेदान्त हीच एक देशी बाजू, असं समजणाऱ्याने नांदेड जिल्ह्यातून एक चक्कर मारावी. माहूरला दत्तशिखर आणि रेणुका आहे, तसंच ते महानुभावांचंही मोठं स्थान आहे. या पंथाच्या चक्रधरांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ वेगवेगळे आणि नित्य. जीव अविद्येने बांधलेला आहे, पण तो खोटा नाही आणि कशात विरघळणारही नाही. तुम्ही आहात, वेगळे आहात, आणि तुमची सुटका तुमचीच असेल. अद्वैताच्या गजरात हा आवाज दबून जातो, म्हणून मुद्दाम सांगितला.

चार्वाकांचं म्हणणं ठाऊक असतं, पण थट्टेपुरतं. त्यांचा जाणिवेवरचा युक्तिवाद मात्र थट्टेचा नाही. किण्व आणि इतर पदार्थ वेगवेगळे ठेवले तर त्यांत नशा नसते. एकत्र आंबवले की नशा येते. तशी चार भूतांच्या विशिष्ट मिश्रणातून जाणीव येते आणि मिश्रण विस्कटलं की जाते. किनवटच्या जंगलात मोहाची फुलं वेचणाऱ्याला हे उदाहरण समजावून सांगावं लागणार नाही. आजचं मेंदूविज्ञान याच गृहीतकावर चालतं. चार्वाक जाणिवेला भास म्हणत नाहीत, हेही ध्यानात घ्यावं. नशा खरी असते, फक्त ती फुलांच्या आधी नसते.

आणि मग बाबासाहेब. नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. बुद्धांनी आत्मा नाकारला, मग माणसात जाणतं काय, हा प्रश्न आंबेडकर तिथे थेट घेतात. शरीर आहे तिथे विज्ञान, म्हणजे जाणीव, त्याच्या सोबत असतेच, असं ते मांडतात आणि त्यासाठी विद्युतक्षेत्र व चुंबकीय क्षेत्र यांच्या संबंधाचा दाखला देतात. एक असलं की दुसरं निर्माण होतं. मग शरीर आणि जाणीव यांचा संबंध तसाच का नसावा? एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राचा इतका नेमका उपयोग या विषयावरच्या दुसऱ्या कुठल्या भारतीय धर्मग्रंथात मला दिसलेला नाही. आत्मा हवा की नको, यावर गावोगाव भांडणं होतात. आत्मा नाकारूनही जाणीव खरी मानता येते, आणि माणसाच्या आयुष्यात तीच मुख्य मानता येते, हा तिसरा रस्ता आपल्या शेजारच्या गल्लीत उघडा आहे.

नांदेडला असा विचार करायला एक परंपरा आहे. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर स्वतः नास्तिक, आणि धर्मग्रंथांचं त्यांचं वाचन भल्याभल्या आस्तिकांना लाजवणारं. श्रद्धा नसलेल्या माणसानेही परंपरेचा नीट अभ्यास करावा, तिचा तिरस्कारही करू नये आणि तिच्यापुढे मान तुकवूही नये, हे त्यांनी करून दाखवलं. १९८२ साली, पन्नाशीही गाठण्याआधी, औरंगाबादेत व्यासपीठावरच ते गेले. जाणिवेच्या प्रश्नावर आज मराठीत लिहिणाऱ्या बहुतेकांत ही दुहेरी शिस्त दिसत नाही. एक बाजू ‘क्वांटम’ शब्द वापरून उपनिषदं सिद्ध करते, दुसरी ‘न्यूरॉन’ म्हणून प्रश्न संपवते. आनंद जोशी आणि सुबोध जावडेकर यांचं ‘मेंदूतला माणूस’ हे या गर्दीतलं वेगळं, वाचावंच असं पुस्तक.

पुस्तकं बाजूला ठेवू आणि ‘मी’ प्रत्यक्षात कसा हलतो ते पाहू. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, नवरात्रात माहूरगडावर रीघ लागते. हलगी-संबळाचा ठेका चढतो, भंडारा उधळतो आणि गर्दीतल्या एखाद्या बाईच्या अंगात येतं. केस सुटतात, आवाज बदलतो. घरात सासऱ्यापुढे मान वर न करणारी बाई त्याच सासऱ्याला अरेतुरे करते, कबूल केलेला नवस मागते, आणि तो हात जोडून ‘चुकलं माय’ म्हणतो. थोड्या वेळाने ती खाली बसते, पाणी मागते, पदर सावरते. विचारलं तर म्हणते, ‘मला काय बी आठवत नाही.’

देवी आली असं भक्त म्हणतात, सोंग आहे असं शहरातला पाहुणा म्हणतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे अनुभवी कार्यकर्ते आणि मनोविकारतज्ज्ञ या दोन्हींपेक्षा सावध बोलतात. काही ठिकाणी सोंग असतं, पुष्कळ ठिकाणी नसतं. दबलेलं मन, ठेका, गर्दीची अपेक्षा या सगळ्यांतून नेहमीचा ‘मी’ बाजूला सरतो आणि दुसरा पुढे येतो. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा नुसत्या अंगात येण्याला हात लावत नाही. अंगात संचार झाल्याचं सांगून भीती घालणं, लोकांना नादी लावणं हा गुन्हा आहे. मला यात दिसतं ते असं, की ‘मी’ हा जर बदलता येतो, तासाभरासाठी काढून ठेवता येतो, तर तो पक्का पदार्थ नाही, ही गोष्ट माळेगावच्या मैदानात उघड्या डोळ्यांनी पाहता येते. त्यासाठी दुभंगलेल्या मेंदूवरचे रॉजर स्पेरी यांचे प्रयोग, ज्यांना १९८१ चं नोबेल मिळालं, वाचलेच पाहिजेत असं नाही. पण त्या तासाभरात भान होतं की नव्हतं? बाईला आठवत नाही, म्हणजे जाणवलंच नाही असं होतं का?

हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावरही आहे. भूल देऊन शस्त्रक्रिया करता येते, हे १८४६ साली बोस्टनमध्ये जाहीरपणे दाखवलं गेलं. आज आंबेजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, लातूर-नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत भूल देणं हे रोजचं काम आहे. भूलतज्ज्ञ माणसाची जाणीव मिनिटभरात घालवतो आणि हवी तेव्हा परत आणतो. तरी ती नेमकी कशी जाते, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. एक जुना प्रयोग आहे. हाताला पट्टा आवळून स्नायू शिथिल करणारं औषध त्या हातात जाऊ द्यायचं नाही, आणि भूल दिलेल्या माणसाला सांगायचं, ऐकू येत असेल तर हात दाबा. काही माणसं दाबतात. जागी झाल्यावर त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. आठवण नसणं आणि भान नसणं या दोन गोष्टी आपण सहज एक धरतो. त्या एक नाहीत.

आपल्या जुन्या पंडितांनी यावर गाढ झोपेच्या निमित्ताने केवढा वाद घातला आहे! उठल्यावर माणूस म्हणतो, ‘सुखाने झोपलो, काही कळलं नाही.’ वेदान्ती म्हणतो, त्या सुखाची आठवण आहे, म्हणजे साक्षी जागा होता. न्यायदर्शन मानणारा नैयायिक म्हणतो, आठवण कसली? अंग हलकं झालं यावरून केलेलं ते अनुमान आहे. स्वप्नहीन झोपेत जाणीव पार मावळते का, यावर झोपेच्या प्रयोगशाळांत आज पुन्हा शोध चालू आहे आणि इव्हान थॉम्पसन यांच्यासारखे अभ्यासक वेदान्त-न्यायाचा हा वाद नावानिशी उद्धृत करतात. नैयायिकांच्या बाजूला माझं झुकतं माप आहे, पण खात्रीने सांगावं असा पुरावा कुणाकडेच नाही.

शास्त्राची सद्यस्थिती एका पैजेवरून कळते. मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्तोफ कॉख यांनी १९९८ मध्ये चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती, की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कमध्ये कॉख यांनी हार मानून वाइनच्या बाटल्या देऊन टाकल्या. दोन प्रमुख सिद्धान्तांची समोरासमोर परीक्षा घेणारा मोठा प्रयोग २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. माहिती मेंदूभर प्रसारित झाली की जाणीव होते, हा एक सिद्धान्त. माहिती मेंदूच्या मागच्या भागात एकजीव झाली की होते, हा दुसरा. निकालाने दोघांनाही फटके दिले. त्याआधी, २०२३ मध्ये, शंभरावर अभ्यासकांनी दुसऱ्या सिद्धान्ताला सरळ छद्मविज्ञान म्हटलं होतं. बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाचंही तसंच. हात हलवायचं ठरवण्याआधीच मेंदूत हालचाल सुरू होते, म्हणून इच्छास्वातंत्र्य हा भ्रम, असं तीस वर्षं सांगितलं गेलं. २०१२ पासून त्या हालचालीचा अर्थच बदलला. ती निर्णयाची खूण नसून मेंदूतल्या नेहमीच्या चढउतारांचा परिणाम असू शकतो.

परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेली हजारो मुलं मेंदूचे भाग, त्यांची कामं, मज्जातंतूतून आवेग कसा जातो हे झोपेतही सांगतील. चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. जाणिवेवर तसा प्रश्न काढायचा म्हटलं तर उत्तरपत्रिका तपासणाऱ्याकडेच बरोबर पर्याय नाही, हे एखाद्या शिक्षकाने वर्गात पाच मिनिटं काढून सांगायला हरकत नाही.

तेव्हा निवाडा असा. ‘मी’ घडवलेला आहे, याबद्दल दासोपंत, बुद्ध, डेनेट आणि माळेगावची यात्रा यांचं जवळजवळ एकमत आहे आणि ते बरोबर आहे. भान मात्र भास नाही. ते कशातून येतं, चार्वाक-आंबेडकरांच्या वाटेने शरीरातून की ज्ञानेश्वरांच्या वाटेने उलट, हे ठरलेलं नाही. शरीराच्या बाजूला पुराव्याचं पारडं जड आहे, इतकंच म्हणता येईल. ‘जाणीव हा भ्रम आहे’ हे वाक्य दोन्ही वाटांवर बसत नाही.

या प्रश्नाला एक अगदी व्यवहारी टोक आहे, म्हणून लेख इथे आणून सोडतो. लातूर-नांदेड रस्त्यावर अपघात झाला, रुग्ण अतिदक्षता विभागात आला, की डॉक्टर त्याच्या शुद्धीला गुण देतात. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का. नाव काय, गाव कोणतं, हात वर करा. काहीच नाही झालं तर नखावर दाब देऊन पाहतात. १९७४ साली ग्लासगोत तयार झालेल्या या मोजपट्टीवर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त पंधरा गुण. मेंदूमृत्यू ही याहून वेगळी गोष्ट आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे त्यासाठी चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते, आणि तो मृत्यूच असतो. तिथे शंका काढून अवयवदान अडवू नये. पण जो मेंदूमृत नाही, फक्त प्रतिसाद देत नाही, त्याच्याबद्दल आपली समजूत बदलायला हवी. २००६ मध्ये ॲड्रियन ओवेन यांनी एका प्रतिसादहीन तरुणीला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितलं आणि स्कॅनमध्ये तिचा मेंदू निरोगी माणसासारखाच उजळला. २०२४ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून २४१ प्रतिसादहीन रुग्ण तपासले. त्यातल्या ६० जणांचा मेंदू सूचना समजून तसं करत होता.

अशी तपासणी आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी रोज होत नाही. तेव्हा आपलं माणूस खाटेवर निपचित पडलेलं असेल, तर त्याच्या उशाशी उभं राहून बिलाचा, शेताच्या वाटणीचा, ‘आता काही खरं नाही’चा विषय काढू नका. बाहेर व्हरांड्यात जा. आत असाल तेव्हा त्याच्याशी बोला, नावाने हाक मारा, पाऊस पडला का ते सांगा.